डोंगरातले जहाज

पुण्याहून निघून पौड ओलांडले आणि मुळशीच्या खोऱ्यात शिरले की मनुष्याला समुद्राची आठवण होण्याचे काही कारण नाही. दोहो बाजूंना सह्याद्रीचे कडे, खाली भाताची खाचरे आणि पावसाळ्यात डोंगराच्या प्रत्येक घळीतून धावणारे पाणी. आपल्या मुळा आणि मुठा या दोन्ही नद्यांचा उगम याच तालुक्यात आहे. त्यांपैकी मुळेचे पाणी टाटांच्या धरणाने अडविले. त्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांनी आणि मावळ्यांनी केलेला सत्याग्रह आपणांस ठाऊकच आहे. ते पाणी डोंगरापलीकडे भिऱ्याच्या वीजघरावर जाते, तेथून कुंडलिकेत उतरते आणि रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते. मुठेचे पाणी मात्र पूर्वेकडेच वाहते आणि खडकवासल्याच्या धरणात साठते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या मुठेच्या गोड्या पाण्यावर खाऱ्या समुद्राची तालीम झाली, ही गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नाही.

खडकवासल्याच्या तलावाच्या उत्तर काठावर त्या काळी एक जहाज उभे होते. ‘अँगोस्टुरा’ असे त्याचे नाव. लढाऊ जहाजाच्या नावामागे जी ‘एच. एम. एस.’ ही अक्षरे लावतात, तीही त्याला लावलेली होती. परंतु ते कधी तरंगले नाही आणि तरंगावे म्हणून ते बांधलेलेही नव्हते. जहाजातून होडीत आणि होडीतून किनाऱ्यावर कसे उतरावे, हे पायदळाच्या शिपायांना शिकविण्यासाठी उभारलेली ती जहाजाची नक्कल होती. समुद्रापासून इतक्या दूर, सिंहगडाच्या परिसरात, अशा जहाजाची गरज का पडावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम, किनाऱ्यावर उतरणे म्हणजे काय, ते पाहू. आपल्यापैकी ज्या वडीलधाऱ्यांनी आगबोटीने कोकणचा प्रवास केला असेल, त्यांना हे अधिक सांगावयास नको. हर्णैसारख्या बंदरात आगबोट धक्क्याला लागत नसे. ती दूर उभी राही, पडाव तिला येऊन भिडे, आणि लाटेने पडाव वर आला की नेमक्या त्या क्षणी खाली पाऊल टाकावे लागे. क्षण चुकला तर पाऊल पाण्यात. पुढे पडावही वाळूला लागण्यापूर्वीच थांबे, आणि शेवटचे अंतर खलाशाच्या खांद्यावरून किंवा गुडघाभर पाण्यातून काटावे लागे. हे सर्व उजेडी, ओळखीच्या बंदरात, अनुभवी तांडेलाच्या हाताखाली होत असे. तरीही मुले रडत, ट्रंका भिजत आणि एखादा म्हातारा घसरून पडे.

आता तोच प्रसंग रात्रीच्या अंधारात कल्पावा. किनारा अनोळखी आहे. पाठीवर ओझे, हातात बंदूक, पायांत जड बूट. कित्येक दिवस जहाजात कोंडल्यामुळे अंगात त्राण नाही. समोरच्या झाडीत शत्रू दबा धरून बसला असेल किंवा नसेलही. त्याहून कठीण गोष्ट अशी की, पाण्याखाली काय आहे हे दिसत नाही. पुष्कळ किनाऱ्यांपुढे वाळूचा एक दांडा पाण्याखाली लपलेला असतो. होडी त्याला टेकली की किनारा आला असे वाटते. पण दांडा आणि खरी पुळण यांच्यामध्ये पुन्हा खोल पाणी असते. ओझ्यासह त्यात उतरलेला मनुष्य, तो पोहणारा असला तरी, वर येईलच असे नाही. म्हणून मला असे म्हणावयाचे आहे की, किनाऱ्यावर उतरणे हे शौर्याचे काम आहेच; परंतु त्याआधी ते पाण्याच्या ज्ञानाचे काम आहे. हे ज्ञान ज्यांनी मिळवावयाचे ते बहुधा नकाशापुढे बसलेले असतात, आणि ते न मिळविल्याची किंमत होडीतला शिपाई देतो.

याची साक्ष १९१४ सालच्या नोव्हेंबर महिन्यातील एकाच आठवड्याने दिली आहे. त्यापूर्वी ऑक्टोबरात मुंबई बंदरातून फौजांनी भरलेली जहाजे निघाली. काही पूर्व आफ्रिकेकडे वळली, तर काही इराणच्या आखाताकडे.

आफ्रिकेकडे गेलेल्या फौजेला जर्मनांच्या ताब्यातील टांगा हे बंदर घ्यावयाचे होते. तिच्यात सुमारे आठ हजार लोक होते. २ नोव्हेंबर रोजी ती टांग्यापुढे पोहोचली तेव्हा गावात शत्रूचे सैन्य फार थोडे होते. परंतु एका युद्धनौकेच्या कप्तानाने आधी जर्मन अधिकाऱ्यांशी शरणागतीची बोलणी केली. त्यामुळे आपण आलो आहोत, ही वर्दी आपणच शत्रूला दिल्यासारखे झाले. बंदरात सुरुंग पेरले असावेत या शंकेने फौज गावापासून दूर, तिवरांच्या दलदलीच्या बाजूस उतरविण्यात आली. लांबच्या सागरप्रवासाने शिणलेले लोक रात्री चिखल तुडवीत किनाऱ्यावर चढले. तोवर लेटो-फोरबेक या जर्मन सेनानीने आगगाडीने आपली कुमक आणली होती. ४ तारखेच्या लढाईत त्याच्या हजारभर लोकांनी या मोठ्या फौजेचा मोड केला. त्या गर्दीत झाडांवरची मधमाश्यांची पोळी उठली आणि उरलासुरला धीरही सुटला. ५ तारखेला फौज पुन्हा होड्यांत चढली. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून आठशेहून अधिक लोक गमावले होते, आणि मशीनगनी, शेकडो बंदुका व लाखो काडतुसे किनाऱ्यावर टाकून यावी लागली होती.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ६ नोव्हेंबर रोजी, शत-अल-अरब नदीच्या मुखाशी फाओ येथे दुसरी फौज उतरली. ही सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनची सोळावी ब्रिगेड होती, आणि तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. येथे क्रम उलटा होता. ‘ओडिन’ या लहान युद्धनौकेने प्रथम किल्ल्यातील तुर्की तोफा बंद पाडल्या; मग सुमारे सहाशे लोकांची तुकडी होड्यांतून किनाऱ्याला लागली आणि फाओ हाती आले. उरलेली ब्रिगेड नदीतून वर जाऊन सोयीच्या ठिकाणी उतरली. नोव्हेंबर संपण्यापूर्वी बसऱ्यावर इंग्रजी निशाण लागले. फाओला शत्रू थोडा होता हे खरे. पण पहिल्या दिवशी तो टांग्यालाही थोडाच होता. आपल्या मराठा शिपायांच्या नशिबी पुढे कूतचा वेढा आणि २९ एप्रिल १९१६ ची शरणागती होती, हा इतिहास निराळा आणि दुःखाचा आहे. परंतु दर्यावरून उतरण्यापुरते बोलावयाचे तर, एकाच बंदरातून निघालेल्या आणि सारख्याच पलटणींच्या बनलेल्या दोन फौजांपैकी एक परतली आणि एक टिकली. तो फरक शिपायांच्या हिमतीत नव्हता; तो पूर्वतयारीत होता.

दर्यावरून जाऊन शत्रूच्या भूमीत उतरणे ही विद्या आपल्या लोकांना अपरिचित होती असेही नाही. १६६५ सालच्या फेब्रुवारीत शिवाजी महाराज स्वतः ८५ लहान गलबते आणि ३ मोठी जहाजे घेऊन मालवणहून निघाले आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावरील बसरूरवर उतरले. डोंगरातला मावळा कोळी-भंडाऱ्यांच्या गलबतात बसला तर काय करू शकतो, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. मात्र पाणी जाणणारा खलाशी आणि जमिनीवर लढणारा शिपाई यांची जोडी जमावी लागते. ती जोडी पुढे तुटली.

ती पुन्हा जमविण्याचा प्रयत्न दुसऱ्या महायुद्धात सुरू झाला. १९४२ च्या पूर्वार्धात जपानने मलाया, सिंगापूर, ब्रह्मदेश आणि अंदमान घेतले. हे प्रदेश परत घ्यावयाचे तर समुद्रावरून उतरावे लागणार हे उघड होते. ५ मे १९४२ रोजी मादागास्करच्या किनाऱ्यावर उतरलेली २९ वी ब्रिगेड पुढे हिंदुस्थानात आली आणि वर्षाच्या अखेरीस पुण्यात उभ्या राहिलेल्या ३६ व्या डिव्हिजनमध्ये सामील झाली. ब्रिटिश दुसरी डिव्हिजन अहमदनगरच्या बाजूस होती. या फौजांना समुद्राचा सराव हवा होता. आणि जून ते सप्टेंबर आपला कोकणकिनारा लहान होड्यांना बंद असतो, हे कोणीही कोळी सांगेल. तलावाला असा पावसाळा आड येत नाही. पुण्याची छावणी जवळ, पाणी विस्तीर्ण आणि भोवती डोंगर. खडकवासल्याला तिन्ही दलांच्या एकत्र कवायतीचे केंद्र निघाले ते असे.

अशा केंद्रात शिकवितात तरी काय? जहाजाच्या उंच बाजूवरून दोरांचे जाळे खाली सोडलेले असते. त्यावरून ओझ्यासह उतरावयाचे. हात उभ्या दोरांना धरावयाचे, कारण आडव्या दोरावर वरच्या गड्याचा बूट पडतो. खाली सपाट बुडाची होडी असते. तिला लँडिंग क्राफ्ट म्हणतात. तिच्या एका प्रकारात सुमारे ३५ शिपाई तीन रांगांत बसतात. तोंडाशी खाली पडणारी फळी असते. फळी पडल्यावर कोणत्या रांगेने आधी जावयाचे, उजवीकडे कोणी व डावीकडे कोणी पांगावयाचे, हे झोपेत विचारले तरी सांगता आले पाहिजे. फळीच्या तोंडाशी एक मनुष्य अडखळला तर मागचे सारे अडकतात, आणि शत्रूची मशीनगन त्या फळीवरच रोखलेली असते. होडी परत ओढता यावी म्हणून किनाऱ्याला लागण्यापूर्वी मागच्या बाजूने नांगर टाकावा लागतो. उतरल्यावर पुळणीवर थांबावयाचे नाही. जीव वाचविण्याकरिता आडवे पडावे ही मनुष्याची उपजत बुद्धी. पण येथे जो पडून राहतो तोच मरतो, हे अंगवळणी पाडावे लागते.

ही कवायत तलावावर उत्तम होते. पण तलावाला भरती नाही, ओहोटी नाही, लाट नाही. उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांतला फरक गोड्या पाण्यावर शिकविता येत नाही. म्हणून दुसरी शाळा समुद्रावर हवी होती. हिंदी आरमाराने होड्या चालविणाऱ्या खलाशांचे एक स्वतंत्र पथक उभारले. मुंबईजवळ मार्वे येथे त्या पथकाचे शिक्षण होई आणि त्या ठाण्याचे नावच ‘हमला’ असे होते. नाविक दलाचे ते ठाणे त्याच नावाने आजही तेथे आहे, जरी तेथील शिक्षणाचा विषय आता निराळा आहे.

परंतु युद्ध कोणाच्या कवायतीप्रमाणे चालत नाही. १९४३ च्या अखेरीस युरोपातील मोहिमांसाठी लँडिंग क्राफ्ट तिकडे हवी झाली आणि अंदमानावर उतरण्याचा बेत रद्द झाला. पुढे १९४४ च्या वसंतात जपानी सेना कोहिमा-इम्फाळवर चालून आली. तेव्हा समुद्रावरून उतरण्यासाठी दोन वर्षे तयार केलेली दुसरी डिव्हिजन आगगाडीने नागा टेकड्यांत नेण्यात आली. लाटांचा सराव केलेले लोक डोंगरात लढले आणि कोहिमाला मोठ्या संख्येने पडले.

खऱ्या किनाऱ्याची परीक्षा झाली ती आराकानात, १९४५ च्या जानेवारीत. तेथील किनारा कोकणातल्या खाजणांसारखा आहे: तिवरे, खाड्या आणि कमरेइतका चिखल. १२ जानेवारी रोजी मायबॉनला उतरावयाचे होते. शत्रूने पाण्यात खुंट ठोकून वाट बंद केली होती. एका लहान तुकडीने ते आधीच शोधले होते आणि सुरुंग बांधून उडविले. पहिली लाट भरतीबरोबर व्यवस्थित उतरली. मागून आलेल्यांना मात्र ओहोटी लागली, आणि त्यांना चिखलातून रडतखडत जावे लागले. काही तासांच्या फरकाने तोच किनारा दोन किनाऱ्यांसारखा झाला.

त्यानंतर २२ जानेवारी रोजी कांगॉ येथे कमांडो उतरले आणि त्यांच्या मागोमाग ५१ वी हिंदी ब्रिगेड गेली. जवळचा रस्ता सोडून खाडीच्या लांब वळशाने ही मंडळी आली, म्हणून शत्रू गाफील सापडला. या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींवर हिंदी अधिकारी होते. थिमय्या, सेन आणि कोल्हापूरकडील शंकरराव थोरात ही ती तीन नावे. थोरातांकडे पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण होती. चिखलातून वर आल्यावर टेकड्यांसाठी निकराची लढाई झाली आणि तिघांनाही ‘डी. एस. ओ.’ हा मान मिळाला. हिंदी अधिकारी लढाईत पलटण चालवू शकतील काय, असे त्या काळी विचारणारे लोक होते. त्यांना कांगॉच्या टेकड्यांवर उत्तर मिळाले.

याच वर्षी, ९ एप्रिल रोजी, इटलीत सेनिओ नदीवर घडलेली गोष्टही येथे सांगितली पाहिजे. तो समुद्र नव्हता. पण पाणी ओलांडून पलीकडच्या काठावर चढण्याचा प्रसंग तोच होता. मराठा पलटणीची एक कंपनी नदीत उतरली आणि मशीनगनींच्या मारात जवळजवळ नाहीशी झाली. अहमदनगर जिल्ह्यातील नामदेव जाधव हा निरोप्याचे काम करणारा शिपाई तेवढा धडधाकट उरला. त्याने दोन जखमींना त्याच पाण्यातून एकामागून एक अलीकडे आणले, पुन्हा पलीकडे जाऊन तीन मशीनगनी बंद पाडल्या, आणि बांधावर उभा राहून मराठ्यांची रणघोषणा केली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पाणी पाठीशी असलेल्या शिपायाची स्थिती काय असते, हे या एका उदाहरणावरून कळावे.

सर्वांत मोठी उतरणी व्हावयाची होती ती मलायावर. ती झाली ९ सप्टेंबर १९४५ रोजी, म्हणजे जपानने शरणागती पत्करल्यानंतर. मोरिबच्या पुळणीवर कोणी गोळी झाडली नाही. तरीही मोटारगाड्या व ट्रक वाळूखालच्या मऊ चिखलात रुतून बसले, आणि येणाऱ्या भरतीने पुष्कळ गाड्या बुडविल्या. कागदावर तो किनारा टणक होता. समोर शत्रू असता तर काय झाले असते, याचा विचार त्या दिवशी तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मनात आला असेल. तीन वर्षांच्या सरावानंतरही, पायांखालची वाळू आधी तपासावी हा पहिला धडा पुरता पाठ झाला नव्हता.

युद्ध संपले आणि खडकवासल्याचे केंद्र ओस पडले. पण स्वातंत्र्यानंतर तिन्ही सैन्यदलांच्या भावी अधिकाऱ्यांसाठी एक प्रबोधिनी काढावयाची ठरली, तेव्हा जागेच्या निवडीत हा तलाव, भोवतालचे डोंगर आणि ते जुने केंद्र व ‘अँगोस्टुरा’ यांचाही विचार झाला. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी पायाचा दगड बसविला. १९५४ च्या अखेरीस विद्यार्थी डेहराडूनहून येथे आले. त्याच पाण्यावर आजही ते शिडाची नाव हाकावयास शिकतात. भूदल, नौदल आणि वायुदल यांची मुले तेथे एकाच छपराखाली वाढतात. खलाशी आणि शिपाई यांची जी जोडी तुटली म्हणून मी म्हटले, ती जोडण्याचे काम तेथे अठराव्या वर्षापासून सुरू होते.

तरी कथा येथे सुखान्त होत नाही. १८ डिसेंबर १९६१ रोजी, गोवामुक्तीच्या वेळी, आपल्या नाविकांच्या तुकड्या कारवारसमोरील अंजदीव बेटावर उतरल्या. त्या लहानशा बेटावर पोर्तुगिजांच्या गोळीबाराने ७ नाविक मृत्यू पावले. आणि १९७१ च्या डिसेंबरात, बांगलादेशच्या युद्धाच्या शेवटच्या दिवसांत, कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावर गुरखा पलटण उतरविण्याचा प्रयत्न झाला. जहाज वाळूच्या दांड्याला टेकले. किनारा आला असे वाटले. मध्ये खोल पाणी होते. पुढे उतरलेल्यांपैकी दोन जवान ओझ्यासह बुडाले. शत्रू तेथे नव्हता. टांग्याला आणि मोरिबला जे सांगितले गेले, तेच तेथील वाळूने पुन्हा सांगितले.

त्या दोन जवानांची आठवण मी मुद्दाम शेवटी काढली. युद्धाच्या हिशेबात दोन ही संख्या अगदी लहान. परंतु ज्या घरी तार गेली असेल, तेथे तो हिशेब असा मांडला गेला नसेल. गोळी लागून मेला हे घरच्यांना समजते. त्याला निदान शत्रूचे कारण असते. मोजावयाचे राहून गेलेल्या पाण्यात मुलगा गेला, हे कोणत्या शब्दांत समजावून सांगावयाचे? दुसऱ्याच्या मुलांना होडीत बसवून पाठविण्याचा अधिकार ज्यांच्या हाती असतो, त्यांनी आधी कोणाला तरी पाठवून ते पाणी काठीने, दोरीने, जमेल त्या साधनाने मोजून घेतले पाहिजे. एवढे केले म्हणजे युद्धातील मरण टळते असे नव्हे. परंतु जे मरण टाळता येण्यासारखे आहे ते तरी टळते.

श्रोतेहो, येत्या पावसाळ्यात आपण मुळशीकडे गेलात, तर मुठेच्या खोऱ्यातही एकदा उतरा. डोंगरावरून धावणारे ते पाणी खाली खडकवासल्याला जाऊन थांबते आणि आपल्या नळाला येते. वाटेत ते एका अशा काठाला लागते, जेथे हजारो तरुणांनी जाळ्यावरून उतरण्याचा आणि फळी पडताच धावण्याचा धडा गिरविला. त्यांतील पुष्कळांनी पूर्वी समुद्र पाहिलाही नसेल. आणि पुष्कळांच्या वाट्याला पुढे समुद्राऐवजी डोंगर आला. त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. तलावाकडे पाहताना त्यांची आठवण झाली, तर माझे बोलणे वाया गेले नाही असे मी समजेन.